छोटा सप्रेसर घेताना आधी नळी मोजा

टेक्सासमध्ये रानडुकरांचा कळप एका रात्रीत मक्याची किंवा भुईमुगाची जी नासधूस करतो ती पाहिली, की तिथले शेतकरी शिकाऱ्यांना आपणहून का बोलावतात ते कळते. अशा शिकारीला आणि शनिवार-रविवारच्या रेंजवर आता मराठी माणसेही भेटतात. ह्यूस्टन, डॅलस, ऑस्टिनच्या आसपास घर करून राहिलेली, ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व हाती आलेली. बहुतेकांकडे एआर-१५ धाटणीची रायफल असते, ५.५६ मिलिमीटरची नाहीतर .३०० ब्लॅकआउटची. पिस्तुलाच्या काडतुसापेक्षा बरीच दमदार आणि .३०८ सारख्या पूर्ण ताकदीच्या काडतुसापेक्षा सौम्य, अशी ही मधल्या ताकदीची काडतुसे. एके धाटणीच्या रायफलींचे ७.६२ × ३९ हेही त्यातलेच. रायफल हातात रुळली की मग प्रश्न येतो: छोटा, हलका सप्रेसर, म्हणजे सायलेन्सर, कुठला घ्यावा?

दुकानदार यावर लगेच औंस आणि इंच सांगू लागतो. माझे म्हणणे असे, की वजनाचा प्रश्न तिसरा. पहिला प्रश्न, नळी किती इंचांची आहे. दुसरा, गोळ्या किती भराभर झाडणार. ही दोन उत्तरे न देता घेतलेला सर्वांत हलका सप्रेसर बहुधा चुकीचा निघतो. आणि एकदा नावावर चढलेला सप्रेसर परत करता येत नाही. विकायचा म्हटला तरी घेणाऱ्याला सगळी सरकारी प्रक्रिया पहिल्यापासून करावी लागते, म्हणून भावही पडतो. तेव्हा विचार घेण्याआधीच करायचा.

आधी कायदा

या भागात घाई करू नका. आपल्या वाचकांपैकी बऱ्याच जणांचा निर्णय इथेच होणार आहे.

१९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स ॲक्टनुसार अमेरिकेत प्रत्येक सप्रेसरची संघराज्याकडे नोंदणी लागते. त्यावरचा २०० डॉलरचा कर नव्वदहून अधिक वर्षे तसाच होता; १ जानेवारी २०२६ पासून तो शून्यावर आला. कर गेला म्हणजे नोंदणीही गेली असा समज अनेकांचा झाला आहे, तो चुकीचा आहे. फॉर्म ४ भरणे, बोटांचे ठसे, फोटो, एटीएफ या संघराज्याच्या शस्त्रविषयक खात्याची मंजुरी हे सगळे कायम आहे. मंजुरी येईपर्यंत सप्रेसर परवानाधारक विक्रेत्याकडेच राहतो. विक्रेत्याकडून घ्यायला वयाची २१ वर्षे पूर्ण हवीत. नोंदणीविना जवळ बाळगणे हा दहा वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. त्यामुळे ऑनलाइन ‘सॉल्व्हंट ट्रॅप’ किंवा ‘फिल्टर’ म्हणून स्वस्तात मिळणाऱ्या नळकांड्यांच्या वाटेला जाऊ नका. टेक्सासने २०२१ मध्ये राज्यातच बनलेल्या सप्रेसरना सूट देणारा कायदा केला, तरी त्याच्या भरवशावर संघराज्याची नोंदणी टाळता येत नाही.

आठ राज्यांत सर्वसामान्य नागरिकाला सप्रेसर ठेवताच येत नाही: कॅलिफोर्निया, न्यू जर्सी, न्यूयॉर्क, इलिनॉय, मॅसॅच्युसेट्स, ऱ्होड आयलंड, डेलावेअर आणि हवाई. वॉशिंग्टन डीसीतही नाही. एडिसन, बे एरिया, शिकागो, बॉस्टन ही मराठी मंडळांची मोठी ठिकाणे नेमकी याच यादीत येतात. फिलाडेल्फियाच्या बाजूला राहणाऱ्यांनी तर फार जपावे. पेनसिल्वेनियात तुमचा सप्रेसर पूर्ण कायदेशीर आहे, पण डेलावेअर नदीवरचा पूल ओलांडून तो न्यू जर्सीत नेला की गुन्हा. रेंजवरून परस्पर मित्राकडे जेवायला जाताना गाडीच्या डिकीत काय आहे याचे भान हवे. कनेक्टिकटमध्ये सप्रेसर ठेवता येतो, शिकारीला वापरता येत नाही.

एच-१बी, एल-१, एफ-१ अशा तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना संघराज्याचा कायदा बंदूक बाळगू देत नाही, आणि या कायद्याच्या व्याख्येत सप्रेसर ही स्वतःच बंदूक ठरते. शिकारीच्या परवान्याचा एक अपवाद आहे. पण बंदुकीच्या आणि इमिग्रेशनच्या दोन्ही कायद्यांचे जाणकार वकील गाठल्याशिवाय त्याचा आधार घेऊ नका. एवढ्यासाठी ग्रीन कार्डची रांग धोक्यात घालू नये. भारताचा १९५९ चा शस्त्र कायदाही आवाज किंवा ज्वाळ कमी करणाऱ्या जोडसाधनाला बंदुकीच्याच व्याख्येत धरतो. भारतात परतणाऱ्याने सप्रेसर सामानात घालण्याचा विचारसुद्धा करू नये.

नवरा-बायको दोघेही नेमबाजी करत असतील, तर नोंदणी एकाच्या नावावर न करता ट्रस्टच्या नावावर करण्याचा विचार करा. एकाच्या नावावरचा सप्रेसर दुसऱ्याच्या हाती, मालक सोबत नसताना, असणे कायद्याला चालत नाही. ट्रस्टमध्ये दोघांचीही नावे घालता येतात. ठसे आणि फोटो मात्र दोघांचेही द्यावे लागतात.

कान हा मुख्य हिशेब

५.५६ च्या उघड्या नळीचा आवाज १६० डेसिबलच्या वर जातो. अशा क्षणिक स्फोटाच्या आवाजासाठी १४० डेसिबल ही कमाल मर्यादा मानली जाते. त्यापुढे एक गोळीसुद्धा कानाच्या आतल्या नाजूक पेशींना कायमची इजा करू शकते आणि त्या पेशी पुन्हा वाढत नाहीत. मशीनगन बनवणाऱ्या सर हायरम मॅक्सिम यांना उतारवयात जवळजवळ ऐकू येईनासे झाले होते. सायलेन्सरचे पेटंट १९०९ मध्ये ज्याने घेतले तो हायरम पर्सी मॅक्सिम त्यांचाच मुलगा.

सप्रेसर साधारण २० ते ३५ डेसिबल कमी करतो. डेसिबलचे माप लॉगरिथमवर चालते, त्यामुळे ३० ने कमी म्हणजे आवाजाची ऊर्जा हजारावा भाग. तरीही जो उरतो तो १४० च्या आसपासचा असतो, आणि छोट्या सप्रेसरचा सहसा त्या रेषेच्या नको त्या बाजूला. शिवाय सप्रेसर फक्त नळीच्या तोंडाशी बाहेर पडणाऱ्या वायूचा आवाज दाबतो. ५.५६ ची गोळी ध्वनीच्या सुमारे अडीचपट वेगाने जाते. तिने हवेत काढलेला कडाका तसाच राहतो. म्हणून सप्रेसर घेतला तरी कानात प्लग घालायचेच. बंदिस्त रेंजवर प्लगही आणि वरून मफही. सप्रेसर आणि प्लग मिळूनच कान वाचतात. सिनेमातला ‘फुस्स’ आवाज प्रत्यक्षात नसतो.

.३०० ब्लॅकआउटची गोष्ट थोडी वेगळी. त्यात १९० ते २२० ग्रेनच्या जड गोळीची, ध्वनीपेक्षा कमी वेगाने जाणारी काडतुसे मिळतात. ती वापरली की कडाका राहत नाही आणि सप्रेसरचे काम पुरतेपणी कानाला कळते. हे काडतूस बनवले गेले त्यातही हा मोठा हेतू होता.

लांबी कापली की काय जाते

आत पडद्यांची रांग असते. नळीतून सुटलेला तापलेला वायू प्रत्येक पडद्यामागे अडतो, फिरतो, पसरतो, थोडा थंड होतो आणि मग सावकाश बाहेर येतो. याला जागा लागते. पूर्ण आकाराचा सप्रेसर साडेसहा-सात इंचांचा असतो, आखूड जात चार ते साडेपाच इंचांची. तिच्या नावापुढे बहुधा ‘के’ हे अक्षर लावलेले असते. दोन इंच कमी केले की पडदेही कमी आणि जागाही कमी. आवाज वाढतो, ज्वाळ वाढते. पहिल्या गोळीला हे सर्वांत जास्त जाणवते. आतल्या हवेतल्या प्राणवायूमुळे त्या गोळीच्या वेळी दारूचा न जळलेला वायू पेट घेतो, म्हणून पहिला बार नंतरच्यांपेक्षा मोठा होतो. रात्री डुकरांवर नाइट व्हिजनमधून नेम धरलेला असताना आखूड सप्रेसरच्या तोंडाशी एक पांढरा गोळा फुलतो, दृश्य क्षणभर धुवून निघते, आणि दिसू लागते तेव्हा कळप पांगलेला असतो. दिवसा, रेंजवर घेतलेल्या चाचणीत हे कळत नाही.

आता नळीकडे येऊ. १६ इंचांच्या नळीत दारू बऱ्यापैकी जळून घेते आणि गोळी बाहेर पडताना मागचा दाब उतरलेला असतो. साडेदहा-साडेअकरा इंचांच्या नळीत तोच दाब बराच जास्त असतो, अर्धवट जळालेले कणही सोबत येतात, आणि हे सगळे पहिल्या पडद्यावर आदळते. लोक नेमके इथेच फसतात. बंदूक आखूड केली ती सुटसुटीत व्हावी म्हणून, तर सप्रेसरही आखूड आणि हलका घेऊ असे ओघानेच वाटते. पण छोट्या सप्रेसरला सर्वांत कठीण काम आखूड नळीवरच करावे लागते.

म्हणून माझा सल्ला नेहमीच्या समजुतीच्या उलट आहे. नळी साडेचौदा ते सोळा इंचांची असेल आणि तुम्ही शिकार किंवा सावकाश नेमबाजी करणार असाल, तर पाच-साडेपाच इंचांचा हलका टायटॅनियमचा सप्रेसर खुशाल घ्या. त्याचे खरे स्थान तेच. नळी साडेदहा-साडेअकरा इंचांची असेल तर सहा-साडेसहा इंचांचा, पोलादाचा किंवा इन्कोनेलचा घ्या आणि वजन सोसा. आधीच आखूड असलेल्या बंदुकीला तो इंचभर जड जात नाही. .३०० ब्लॅकआउटवर मंद काडतुसेच वापरायची असतील तर दाब कमी असतो, तिथे टायटॅनियम चालते. पण लांबी कापू नका, कारण शांतता हवी म्हणूनच तर हे काडतूस घेतले. १६ इंचांपेक्षा आखूड नळीची रायफल ही वेगळ्या नोंदणीची बाब आहे, तेही याच जोडीला लक्षात ठेवा.

लांबीचा आकडा वाचताना एक पाहा. काही सप्रेसर नळीच्या तोंडावरच्या जोडणीला आत गिळतात. शुअरफायरचा सोकॉम५५६-आरसी२ स्वतः ६.४ इंचांचा आहे, पण रायफलची लांबी सुमारे पाचच इंचांनी वाढवतो. त्यामुळे डब्याची लांबी विचारू नका, बंदुकीत किती इंचांची भर पडते ते विचारा.

हलका, पण कशाचा

तो आरसी२ १७ औंसांचा, म्हणजे ४८० ग्रॅमच्या घरातला. आजचे टायटॅनियमचे आखूड सप्रेसर आठ ते बारा औंसांत बसतात. दोनशे ग्रॅमचा फरक हातात घेऊन पाहिला तर क्षुल्लक वाटेल. पण हे वजन बंदुकीच्या पार टोकाला लागते. भरलेला तांब्या छातीशी धरणे आणि हात लांब करून धरणे यात जो फरक, तोच इथे आहे. मचाणावर तासभर बसल्यानंतर उभ्याने नेम धरायचा असेल तर ते दोनशे ग्रॅम खांद्याला आणि नेमाला दोन्हीकडे कळतात. बाकावर टेकवून झाडणाऱ्याला त्याचे काहीच वाटणार नाही, उलट टोकाचे वजन उसळी कमी करते.

टायटॅनियमची घनता पोलादाच्या निम्म्याहून थोडी जास्त. बहुतेक चांगले हलके सप्रेसर त्याच्या ग्रेड ५ या मिश्रधातूचे असतात. थंड असताना हा धातू फार मजबूत आहे. पण ४०० अंश सेल्सियसच्या पुढे त्याची ताकद झपाट्याने उतरते. एकामागून एक मॅगझिन रिकामी केली तर आखूड सप्रेसर तिथवर सहज पोहोचतो. शिवाय झिजणारे टायटॅनियमचे कण तापून ठिणग्यांसारखे उडतात. अंधारात ते स्पष्ट दिसतात. इन्कोनेल ७१८ हा निकेलचा मिश्रधातू उष्णतेत टिकून राहतो, कोबाल्टचे स्टेलाइटही, दोन्ही जड. १७-४ हे स्टेनलेस पोलाद मधले, किमतीलाही मधले. कित्येक कंपन्या आता लेझरने धातूची पूड वितळवून, थरावर थर चढवत सप्रेसर छापतात. त्यामुळे पूर्वी कातून न होणारे वाकडे-तिकडे वायुमार्ग शक्य झाले आणि भिंतीही पातळ ठेवता आल्या. छापलेला म्हणून चांगला किंवा वाईट असे काही नसते.

प्रत्येक कंपनी आपल्या सप्रेसरसाठी किमान नळी किती इंचांची हवी हे छापून देते, आणि चांगल्या कंपन्या गोळ्यांचा वेगही सांगतात. तो कागद दुकानातच वाचा. त्यात ‘५.५६, किमान १४.५ इंच’ असे असेल आणि तुमची नळी साडेदहा इंचांची असेल, तर विक्रेता काहीही म्हणो, तो सप्रेसर तुमच्यासाठी नाही. आखूड नळीवर तो फाटला तर हमीही उरत नाही.

डोळ्यांत जाणारा वायू

माहितीपत्रकात हा मुद्दा शेवटी, बारीक अक्षरांत असतो. वापरताना मात्र सर्वांत जास्त त्रास यानेच होतो.

एआर-१५ ही वायूच्या जोरावर स्वतःच पुढची गोळी चढवणारी रायफल. सप्रेसर लावला की वायू पुढे जायला अडतो आणि नळीतून मागे येतो. बोल्ट नको तितक्या वेगाने मागे फेकला जातो, पोकळ काडतुसे वेडीवाकडी उडतात, सुटे भाग लवकर झिजतात. आणि बोल्ट उघडताच उरलेला वायू तुमच्या तोंडावर येतो. डोळे चुरचुरतात, घशात अमोनियाचा झणका बसतो, दोन मॅगझिन झाल्यावर चष्म्याच्या काचेवर काळी साय धरते. त्या वायूत शिशाचे आणि तांब्याचे कण असतात. बंद रेंजवर नेहमी जाणाऱ्यांनी, विशेषतः घरी लहान मूल असेल तर, हे हलक्यावारी घेऊ नये. रेंजवरून निघताना थंड पाण्याने आणि साबणाने हात-तोंड धुवा आणि घरी पोहोचताच कपडे वेगळे टाका. डावखुऱ्यांना याचा त्रास अधिक, कारण काडतूस बाहेर फेकणारी खिडकी त्यांच्या चेहऱ्याच्या बाजूला येते.

उपाय आहेत. वायूचा मार्ग कमी-जास्त करता येणारा गॅस ब्लॉक, थोडा जड बफर, मागून वायू अडवणारा चार्जिंग हँडल. पण सप्रेसरच कमी दाब मागे टाकणारा घेतला तर मूळ दुखणेच कमी होते. हक्सवर्क्ससारख्या कंपन्या वायूला पडद्यांनी अडवण्याऐवजी वळणावळणाच्या मार्गाने पुढेच काढतात. सायलेन्सरकोच्या वेलॉसचा रोखही मागचा दाब कमी ठेवण्याकडेच आहे. अशा रचनेत तोंडाशी आवाज किंवा ज्वाळ थोडी अधिक असू शकते. तरीही जी माणसे एका बैठकीत बऱ्याच गोळ्या झाडतात त्यांनी याच जातीचा सप्रेसर पाहावा असे मी ठामपणे म्हणेन. बाजूला उभ्या असणाऱ्याला दोन डेसिबल कमी ऐकू आले यापेक्षा तुमचे डोळे आणि फुप्फुसे महत्त्वाची. सैन्यालाही हा प्रश्न आहे. अमेरिकी मरीन कोअरने २०२० च्या अखेरीपासून लढाऊ तुकड्यांना सरसकट सप्रेसर द्यायला सुरुवात केली, आणि अमेरिकी लष्कराच्या नव्या रायफलसाठी सप्रेसर निवडताना सैनिकाच्या चेहऱ्याकडे कमी वायू यावा ही अपेक्षा आधीपासून धरली होती.

डेसिबलचे आकडे याच नजरेने वाचा. पुष्कळ कंपन्या नळीच्या तोंडापासून एक मीटर बाजूला धरलेल्या मायक्रोफोनचा आकडा छापतात. तुमचा कान तिथे नसतो. तो बोल्टच्या खिडकीजवळ असतो आणि तिथला आवाज कित्येकदा वेगळीच गोष्ट सांगतो. कानाजवळचे माप कुठे आहे ते विचारा. कुठल्या रायफलवर आणि किती इंचांच्या नळीवर घेतले, तेही विचारा. बोल्ट हाताने ओढायच्या रायफलवरचा आकडा एआरला लागू पडत नाही. प्यू सायन्ससारख्या स्वतंत्र चाचण्या तोंडाजवळचे आणि कानाजवळचे अशी दोन्ही मापे देतात. घेण्याआधी त्या जरूर पाहा.

जोडणी आणि भोक

सप्रेसरचे वजन म्हणून छापलेला आकडा बऱ्याचदा उघड्या डब्याचा असतो. त्यावर जोडणी आणि नळीच्या तोंडावर कायम राहणारा ब्रेक धरला की तीन-चार औंस वाढतात, आणि टायटॅनियमसाठी मोजलेले जादा पैसे तिथेच फुकट जातात. एकच रायफल असेल तर थेट आट्यांवर बसणारा सप्रेसर सर्वांत हलका आणि साधा. तो तापून सैल होतो, ही त्याची खोड. अधूनमधून जाड हातमोजा घालून तपासायचा. दोन-तीन रायफलींवर फिरवायचा असेल तर शंकूच्या आकारावर घट्ट बसणारी जोडणी घ्या. मागे १.३७५ × २४ आट्यांचा, म्हणजे ‘हब’ मापाचा सप्रेसर घेतला तर पुढे वेगळ्या कंपनीची जोडणीही लावता येते. साडेचौदा इंचांच्या नळीवर ब्रेक कायमचा वेल्ड केलेला असेल, तर तुमची निवड त्या ब्रेकला चालणाऱ्या सप्रेसरपुरतीच उरते. दुकानात जायच्या आधी हे घरी पाहून ठेवा.

५.५६ च्या नळीच्या आट्या सहसा १/२ × २८ असतात आणि .३० व्यासाच्या नळीच्या ५/८ × २४. या दोन मापांमुळे एक जीवघेणी चूक आपोआप टळते: ५.५६ साठीचा सप्रेसर .३०० ब्लॅकआउटवर चढणे. मोठी गोळी लहान भोकात शिरली तर सप्रेसर फुटतो. हे माप जुळवून देणारे अडॅप्टर बाजारात मिळतात. ते घरात आणूच नका. उलट दिशेने हरकत नाही. दोन्ही रायफली असणाऱ्याने .३० भोकाचा एकच सप्रेसर घेतला तर ५.५६ वर आवाज थोडा वाढेल, पण एक नोंदणी आणि मोठा खर्च वाचेल. मी स्वतः अशा माणसाला हेच सुचवतो.

सप्रेसर बसवल्यावर पहिली गोळी झाडण्याआधी एक काम चुकवू नका. संरेखनाचा दांडा म्हणून नळीच्या व्यासाची, अगदी सरळ कातलेली पोलादी सळई मिळते. रायफल रिकामी असल्याची दोनदा खात्री करा, बोल्ट काढून टाका आणि सळई मागून आत सरकवा. सप्रेसरच्या तोंडाशी टॉर्च धरून समोरून पाहा. सळईभोवती काळोखाचे कडे सगळीकडे सारखे दिसायला हवे. एका बाजूला ते बारीक होऊन कडेला टेकलेले दिसले तर तिथेच थांबा, आट्या तिरक्या आहेत. बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडे न्या. एके धाटणीच्या रायफलींवर, त्यांच्या १४ × १ च्या डाव्या आट्यांवर, हा दोष वारंवार सापडतो. पाच मिनिटांच्या या तपासणीने हजार डॉलरची वस्तू आणि रेंजवर शेजारी उभा असलेला माणूस, दोन्ही वाचतात.

किंमत ढोबळमानाने ५०० ते १,५०० डॉलर. कुणी भलतेच नाव पुढे करून फारच स्वस्तात देऊ लागले तर कंपनी दुरुस्ती करते का ते विचारा. तुम्हाला स्वतःला तो उघडून दुरुस्त करता येत नाही, कायद्याने ते काम परवानाधारकाचेच. म्हणून ज्या कंपनीची दुरुस्तीची ख्याती चांगली आहे तिला शंभर डॉलर जास्त मोजलेले परवडतात. पुढची टोपी बदलता येणारी असेल तर उत्तम.

मंजुरी आल्यावर रेंजवर पहिल्या दिवशी सप्रेसरशिवाय पाच गोळ्या, मग सप्रेसर लावून पाच गोळ्या एकाच लक्ष्यावर घ्या. ठसे थोडे सरकतील, बहुधा खाली. ते साहजिक आहे. मग सप्रेसर काढून पुन्हा लावा आणि आणखी पाच घ्या. सप्रेसर लावल्यावरचे दोन्ही गट एकाच जागी पडले तर जोडणी खरी आहे, दुर्बिणीचे शून्य त्यावर बसवा. ठसे दर वेळी वेगळीकडे गेले तर जोडणी विक्रेत्याला दाखवा. दोन मॅगझिननंतर सप्रेसर काही शे अंशांवर असतो आणि दिसायला मात्र थंड असतानासारखाच असतो. उन्हाळ्यात टेक्सासच्या वाळक्या गवतावर तो टेकवू नका आणि नायलॉनच्या पिशवीत घालू नका. पूर्ण गार झाल्यावर जोडणीच्या आट्यांवरची काजळी पुसा, नाहीतर ती दगडासारखी धरते आणि सप्रेसर निघत नाही. मंजुरीच्या कागदाची एक प्रत बंदुकीच्या पेटीत ठेवा, दुसरी फोनमध्ये.